अक्षरांची पंगत

चांगल्या छापलेल्या पानाचा गुण असा की, ते वाचताना छपाईची आठवणच होत नाही. डोळा ओळीवरून पुढे सरकतो, अर्थ मनात उतरतो, आणि या दोहोंच्या मध्ये कोणाचे तरी हात राबले आहेत याचा वाचकास पत्ताही लागत नाही. पंगतीला बसलेल्या पाहुण्याला स्वयंपाकघरातला धूर दिसू नये, अशीच यजमानाची इच्छा असते. परंतु ज्याने एकदा तरी वाढप केले आहे त्याला ठाऊक असते की, पाट मांडण्यापासून मिठाची चिमूट वाढण्यापर्यंत सारे काही कोणीतरी आधी ठरवावे लागते. आणि तेही पाहुणे ताटकळणार नाहीत इतक्या त्वरेने. अक्षरांच्या पंगतीचेही असेच आहे. तिच्या स्वयंपाकघरात डोकावण्याचा योग आम्हांस अलीकडे आला. त्याची हकीगत विद्यार्थिमित्रांना आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना सांगावी, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही शिकलो वाङ्मय. घरी कोंकणी बोलतो, वर्गात मराठी शिकवितो, आणि संगणकाशी आमचा संबंध वार्षिक अंकाची मुद्रिते तपासण्यापुरता. पण मुद्रिते तपासता तपासता एक साधा प्रश्न मनात घर करून राहिला. कळफलकावर 'किनारा' लिहिताना आपण आधी क दाबतो आणि मागाहून वेलांटी देतो. मग मागाहून आलेली ती वेलांटी क च्या डावीकडे कशी जाऊन बसते? 'सूर्य' लिहिताना र आधी येतो आणि य नंतर. तरी र चा रफार होऊन तो य च्या डोक्यावर चढतो. त्याला तेथे कोण नेऊन बसविते? आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी परगावी नेमके हेच काम करतो. चतुर्थीच्या सुटीत तो गावी आला असता आम्ही त्याला गाठले. त्याच्या तोंडून जे ऐकले आणि मागाहून स्वतः वाचून जे उमगले, ते येथे मांडतो.

संगणकाच्या पोटात अक्षर नसते, आकडा असतो. प्रत्येक वर्णाला व चिन्हाला जगभर मान्य झालेला एक क्रमांक आहे. या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत. परंतु देवनागरीच्या एखाद्या चांगल्या फाँटमध्ये आकृत्या असतात शेकड्यांनी. 'विज्ञान' या शब्दातील ज्ञ ला स्वतःचा क्रमांक नाही; ज, पाय मोडल्याचे चिन्ह आणि ञ असे तीन आकडे ओळीने येतात, आणि त्या तिघांना पाहून एक जोडाक्षर पुढे करावे लागते. आकडे एकीकडे, आकृत्या दुसरीकडे. मधला सारा व्यवहार जी आज्ञावली पाहते, तिला अक्षरमांडणीची लायब्ररी असे म्हणतात. कोणत्या आकड्याला कोणती आकृती, कोणी कोणाच्या आधी बसावे, कोणी कोणाच्या डोक्यावर, ओळ कोठे संपावी, हे तिने ठरवावयाचे.

येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. आपल्याकडे देवस्थानाची मोठी भांडी असतात. ज्याच्या घरी कार्य असेल तो तपेली, पराती नेतो आणि काम झाले की परत आणून देतो. प्रत्येकाने आपापली भांडी घडवीत बसण्याचे कारण पडत नाही. लायब्ररी ही तशीच सोय आहे. अनेक आज्ञावलींना लागणारे काम एकदा नीट लिहून ठेवायचे आणि हवे त्याने ते वापरायचे. अशा लायब्ररींपैकी हार्फबझ ही फार नावाजलेली आहे. इराणात जन्मलेले बेहदाद एस्फाबोद हे तिचे प्रमुख शिल्पकार. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुले. त्यावरून हे नाव पडले. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सर्वांच्या स्वयंपाकघरात हेच भांडे आहे, आणि ते कोणालाही मोफत नेता येते.

या कामात थोडीशी चूक झाली तर काय होते, याचे एक उदाहरण आम्ही वर्गात नेहमी देतो. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा'. दोन्हीकडे र आणि य यांचीच गाठ आहे. पण एकीकडे र चा रफार झाला आहे, तर दुसरीकडे त्याचे पापणीसारखे अर्धे रूप राहिले आहे. लायब्ररीला हा भेद कळला नाही तर व्याख्यानाला स्वयंपाकी येतील आणि चुलीपाशी गुरुजी!

आता कोणी म्हणेल, एवढेसे अक्षर इकडचे तिकडे झाले म्हणून काय बिघडले? या प्रश्नाचे उत्तर आमच्या गोव्याच्या भूमीतच आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' राशोल येथे छापून निघाले. पण ते रोमन अक्षरांत. असे का व्हावे? स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला लिहिलेल्या एका पत्रात याचा उलगडा होतो. या भूमीच्या भाषेतील पुस्तके या भूमीच्याच लिपीत छापावीत, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. त्यांनी ज्या अडचणी सांगितल्या त्यांतली पहिली हिशोबाची होती: युरोपच्या लिपीला चोवीस साचे पुरतात, येथील अक्षरांना सहाशे पाडावे लागतील. इच्छा होती, भाषा होती, ग्रंथ तयार होता. साधनाला लिपीचा भार पेलवेना, म्हणून लिपीने माघार घेतली.

लिपी साधनापुढे हरते ती अशी, गाजावाजा न होता. आजही पुष्कळ मुले फोनवर मराठी आणि कोंकणी रोमन अक्षरांत लिहितात. त्याला कारणे अनेक असतील. पण देवनागरी लिहिताना साधन अडखळले, अक्षर उमटावयास उशीर झाला किंवा वेलांटी भलत्या बाजूला गेली, तर मुलाचा हात सोप्या वाटेकडे वळणारच. पुष्कळ फोनांचा पडदा सेकंदाला साठ वेळा नवा होतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६ मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधीत साऱ्या वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे आपापल्या पाटावर बसली पाहिजेत. म्हणून या क्षेत्रात वेग ही हौस नाही. लिपीच्या जगण्याशी तिचा संबंध आहे.

मग वेग वाढवावा कसा? आमची समजूत अशी होती की, अधिक शक्तिमान संगणक आणावा आणि मोकळे व्हावे. आमच्या विद्यार्थ्याने मान हलविली. "सर, पहिले काम मोजण्याचे," तो म्हणाला. वेळ कोठे जातो हे न पाहता धावाधाव करणारे लोक बहुधा जेथे वेळ जात नाही तेथेच काटकसर करतात. संगणकशास्त्राचे थोर आचार्य डोनाल्ड कनूथ यांनी १९७४ सालच्या आपल्या एका निबंधात असाच इशारा दिला होता. पुढे १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून ते इतके नाराज झाले की, ग्रंथ बाजूला ठेवून अक्षरमांडणीची आज्ञावलीच त्यांनी लिहावयास घेतली. तिचे नाव टेक. थोडक्यात उरकेल असे वाटलेले ते काम सुमारे दहा वर्षे चालले. मुद्रितशोधकाची नाराजी किती फलदायी होऊ शकते, हे यावरून दिसावे.

मोजून झाल्यावर पुढचा प्रश्न येतो तो असा: आपण करतो त्यांपैकी कोणते काम करण्याची गरजच नाही? येथे आम्हांस फार मौज वाटली, कारण वेगाच्या बहुतेक युक्त्या शेवटी या एका प्रश्नाचीच उत्तरे आहेत.

पहिली युक्ती दारावरच्या चिठ्ठीची. फाँटमध्ये अक्षरांची अदलाबदल करणारे नियम पुष्कळ असतात. प्रत्येक अक्षर घेऊन प्रत्येक नियमाची पूर्ण यादी चाळीत बसले तर दिवस पुरणार नाही. समजा, शाळेत पाटील आडनावाची मुलगी शोधावयाची आहे. प्रत्येक वर्गाच्या दारावर, आत असलेल्या मुलांच्या आडनावांची केवळ आद्याक्षरे लिहिलेली चिठ्ठी लावून ठेवली, तर ज्या दारावर प नाही तेथून सरळ पुढे जाता येईल. जेथे प आहे तेथेही आत परब असतील, पाटील नसतील. पण तेवढेच वर्ग उघडून पाहावे लागतील. हार्फबझमध्ये प्रत्येक नियमाच्या दारावर अशी एक चिमुकली चिठ्ठी असते. तिचे 'नाही' पक्के असते आणि 'आहे' कच्चे. पण बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच असते, आणि ते क्षणात मिळते.

दुसरी युक्ती ओळी पाडण्याची. साठ शब्दांच्या परिच्छेदात शब्दांमधल्या मोकळ्या जागा ५९. प्रत्येक जागी ओळ तोडावी किंवा तोडू नये, असे दोन पर्याय. म्हणजे एकंदर प्रकार दोनचा ५९ वा घात, ही अठरा अंकी संख्या झाली. त्यांतून सर्वांत सुबक मांडणी निवडावयाची तर एकेक प्रकार तपासणे अशक्यच. कनूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर उपाय सांगितला. पणजीहून बेळगावास जाण्याच्या वाटा अनेक. पण चोर्ला घाटाने जावयाचे ठरवून साखळीपर्यंतची उत्तम वाट एकदा शोधून काढली, की पुढच्या प्रत्येक वळणावर पणजी ते साखळीचा विचार नव्याने करावा लागत नाही. त्याचप्रमाणे परिच्छेदातील प्रत्येक थांब्यापर्यंत पोचण्याची उत्तम रीत तेवढी लक्षात ठेवावयाची आणि बाकीच्या सोडून द्यावयाच्या. असे केल्याने अठरा अंकी डोंगर टेकडीएवढा होतो, आणि मांडणीत काडीचाही उणेपणा येत नाही.

तिसरी युक्ती सर्वांत साधी: केलेले काम जपून ठेवावे. मराठीच्या एका पानावर 'आहे' आणि 'आणि' किती वेळा येतात ते कोणीही मोजून पाहावे. दर वेळी त्या शब्दाची मांडणी नव्याने कशाला करावयाची? एकदा केलेली कोनाड्यात ठेवावी आणि पुन्हा तोच शब्द आला की तेथून काढून द्यावी. क्रोम आणि फायरफॉक्स असे शब्दांचे कोनाडे बाळगतात. आमचा विद्यार्थी ज्या लायब्ररीवर काम करतो तिच्यातही असा कोनाडा नुकताच केला होता. तो दाखविण्यासाठी त्याने शाळेच्या संगणककक्षात आमच्या गतवर्षीच्या अंकाचा मजकूर त्या लायब्ररीकडून मांडून घेतला. पाने झरझर उलगडू लागली. आम्ही संतुष्ट झालो.

त्या वेळी अंकाच्या कामासाठी आलेली नववीतली एक मुलगी मागे उभी होती. ती म्हणाली, "सर, हा ल आपला नाही."

आम्ही चष्मा पुसून पाहिले. खरेच होते. मराठी वळणाचा ल मधोमध लोंबतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना गोलाई येते. हिंदी वळणाचा ल उजवीकडच्या उभ्या दांडीला टेकून बसतो. श च्या बाबतीतही दोन वळणे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरविताना मराठी वळणाचे ल आणि श मुक्रर केले. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. मजकूर मराठी आहे की हिंदी, याची खूण निराळी द्यावी लागते, आणि ती पाहून फाँट योग्य ते वळण पुढे करतो. आमच्या अंकात हिंदी विभाग आहे. त्यात 'कमल' हा शब्द आला, त्याची मांडणी कोनाड्यात गेली. पुढे मराठी विभागात 'कमल' आला तेव्हा कोनाड्यातून हिंदी वळणाचाच बाहेर पडला. कोनाड्यावर शब्द, फाँट आणि आकार यांची नोंद होती; भाषेची नोंद राहून गेली होती.

आमचा विद्यार्थी क्षणभर गप्प राहिला, आणि मग त्याने त्या मुलीला खुर्ची देऊन शेजारी बसविले. ज्यांनी तो कोनाडा रचला त्यांपैकी कोणाचीच वाचनाची भाषा मराठी नव्हती. त्यांच्या डोळ्यांना दोन्ही ल सारखेच. वेग त्यांनी घड्याळाने मोजला होता. पण घड्याळाला ल ओळखता येत नाही. तो ओळखण्यासाठी मराठी वाचणारे डोळेच हवेत. मग ते नववीतल्या मुलीचे का असेनात.

दुरुस्ती होती एका ओळीची. तिला वेळ किती लागणार? असे आम्हांस वाटले, आणि येथूनच या विषयाची दुसरी बाजू आमच्यापुढे उघडली. माणसाने लिहिलेली आज्ञावली संगणकाला जशीच्या तशी चालत नाही. कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करते आणि सारे तुकडे जोडून वापरण्याजोगी वस्तू तयार करते. या सर्व कामाला बिल्ड म्हणतात. आपल्या अंकाच्या भाषेत सांगावयाचे तर जुळणी, छपाई आणि बांधणी मिळून जे होते ते. त्याने ओळ बदलली आणि बिल्डची आज्ञा दिली. आम्ही एका विभागाची मुद्रिते तपासून संपविली, चहा झाला, दिवेलागण झाली. शाळेच्या त्या जुन्या संगणकावर ओळी सरकतच होत्या.

"एका घरी सुतक आणि साऱ्या गावाला आंघोळ, अशी ही तऱ्हा आहे, सर," तो म्हणाला. कारण असे की, लायब्ररीच्या सगळ्या फाइली एक सामाईक यादी वाचतात. कोनाड्याच्या नोंदीचा नमुना त्याच यादीत होता. त्यात एक शब्द वाढला, म्हणून यादी वाचणाऱ्या प्रत्येक फाइलीचे काम मुळापासून पुन्हा सुरू झाले. मग तिचा कोनाड्याशी संबंध असो वा नसो.

या दुखण्यावरचा पहिला उपचार जुना आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचे साधन लिहिले. त्याचे तत्त्व घरातल्या गृहिणीलाही पटेल: पीठ ताजे आणि भाकरी शिळी असेल तरच पुन्हा थापा. मूळ फाइल तिच्यापासून बनविलेल्या वस्तूहून अलीकडची असेल तर ती वस्तू नव्याने करावी, नाहीतर हात लावू नये. या साधनामागची हकीगतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फेल्डमन यांच्या एका सहकाऱ्याने आज्ञावलीतला दोष काढून टाकला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करावयाची राहिली. म्हणून सारी सकाळ तो निर्दोष आज्ञावलीतला दोष शोधीत बसला. अर्थात् करू नये ते काम करणे हा जसा दोष, तसाच करावयास हवे ते टाळणे हाही दोषच.

'मेक'ला जे अवलंबून आहे तेवढेच पुन्हा होते, हे खरे. पण सारेच एकमेकांवर अवलंबून असेल तर तो बिचारा काय करणार? म्हणून दुसरा उपचार यादी विभागण्याचा: ज्याला जे लागते तेवढेच त्याच्या हाती द्यावे, आणि वारंवार बदलणारा भाग सामाईक यादीबाहेर ठेवावा. तिसरा उपचार आधीच करून ठेवण्याचा. हार्फबझमध्ये भारतीय लिपींच्या अक्षरांची घडण थोडक्या नियमांत लिहिली आहे, आणि रेगेल नावाचे साधन त्यांतून लांबलचक आज्ञावली काढून देते. ती काढलेली आज्ञावली हार्फबझच्या भांडारात तयारच ठेवलेली असते. बिल्ड करणाऱ्याला ते साधन मिळवून पुन्हा चालविण्याची गरज पडत नाही. चौथा उपचार एकत्र दळण्याचा. सगळ्या फाइली एकीत गोवून कंपायलरपुढे ठेवल्या की सामाईक यादी एकदाच वाचली जाते. हार्फबझने अशी एक फाइल दिली आहे. ज्याला लायब्ररी एकदाच बांधावयाची आहे त्याला ही सोय उत्तम. पण जो रोज एकेक ओळ बदलून पाहतो त्याच्या वाट्याला दर वेळी सारे दळण येते. औषध एकच, एकाला गुण देते, दुसऱ्याला बाधते.

आणखीही एक पेच आहे. कंपायलरने जितका अधिक विचार करावा तितकी वस्तू वेगवान होते, पण तितकाच बिल्डला उशीर होतो. वाचणाऱ्याचा वेळ वाचवावा तर घडविणाऱ्याचा जातो. शहाणे लोक यातून मार्ग काढतात तो असा: रोजच्या प्रयोगासाठी कच्ची आणि झटपट बांधणी, लोकांच्या हाती द्यावयाची तेव्हा पक्की आणि सावकाश. आम्ही शिक्षक पाटीवर आधी कच्चे लिहून घेतो आणि वहीत मागाहून सुवाच्य, त्याचेच हे भावंड.

त्या संध्याकाळी ओळी सरकत असताना त्या मुलीने विचारले, "दादा, माझ्या घरच्या लॅपटॉपवर हे होईल का?"

तो म्हणाला, "होईल. पण रात्रभर लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करशील का?"

तिने प्रामाणिकपणे सांगितले की बहुधा करणार नाही.

आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म या दोन वाक्यांत आहे. बिल्डला लागणारा वेळ ही केवळ कारागिरांची कुरकुर नाही. दुरुस्ती कोण करू शकेल, हे तो वेळ ठरवितो. नवे, महागडे संगणक ज्यांच्यापाशी आहेत त्यांना उशीर जाणवत नाही. पण मराठी ल ओळखणारे डोळे बहुधा त्यांच्यापाशी नसतात. ज्यांच्यापाशी ते डोळे आहेत त्यांच्या घरी जुना लॅपटॉप असतो, आणि वीजही अधूनमधून जाते. बिल्ड हलका झाला तर देवस्थानाच्या भांड्याला कल्हई करण्याचा हक्क गावातल्या मुलीलाही मिळतो. तो जड राहिला तर आपली लिपी कायमची दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते.

वेगाच्या नावाखाली आणखी एक वाट दाखविली जाते, तिच्याविषयीही सावध असावे. खेळ बनविण्यासाठी गोडो नावाचे एक मुक्त साधन आहे. त्याच्या २०२३ साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीत अक्षरमांडणीचे दोन विभाग आहेत. एक हार्फबझच्या आधाराने जोडाक्षरे जाणणाऱ्या लिपींची मांडणी करतो. दुसरा आकाराने लहान व वेगवान आहे, पण त्याला ही विद्या येत नाही. गोडोने दोन्हींची निवड उघडपणे दिली आहे आणि पूर्ण विभागच नेहमीसाठी ठेवला आहे, हे त्याच्या कर्त्यांना भूषणावह आहे. पण असा पर्याय समोर आला की घाईत असलेल्या माणसाचा हात हलक्या भांड्याकडे जातो. पंगत लवकर उठावी म्हणून निम्म्या पाहुण्यांना आमंत्रणच न देणे, याला कोणी व्यवस्था म्हणणार नाही. दारावरच्या चिठ्ठीने, साखळीच्या वाटेने आणि भाषेची नोंद असलेल्या कोनाड्याने जो वेग येतो, त्यात एकाही पाहुण्याचे पान कमी होत नाही. पुन्हा करावे न लागणारे काम ओळखणे हा खरा वेग. कठीण काम वगळणे ही केवळ पळवाट.

पुढची हकीगत थोडकी आहे. आमचा विद्यार्थी परत गेल्यावर त्याच्या सोबत्यांनी कोनाड्यावर भाषेची नोंद घातली, आणि त्याने काही आठवडे खपून सामाईक यादीचे विभाग केले. आता एक ओळ बदलली तर शाळेच्या जुन्या संगणकावर चहा गाळून होईपर्यंत बिल्ड पुरा होतो. ती मुलगी मधल्या सुटीत केव्हा केव्हा संगणककक्षात बसते. 'आचार्य' आणि 'आचारी', 'सूर्या' आणि 'सुऱ्या' अशा फसव्या शब्दजोड्यांची एक यादी तिने केली आहे. लायब्ररीत काहीही बदल झाला की ती यादी आपोआप तपासली जावी, अशी आता तिकडे तजवीज आहे. यादीत तिने आपल्या आजीकडून ऐकलेले कोंकणी शब्दही घातले आहेत. लिपी एकच असल्याने त्यांनाही त्याच पंगतीत पान मिळाले.

वाचकांना एकच विनंती. या अंकाच्या मराठी विभागातला ल आणि हिंदी विभागातला ल शेजारी ठेवून निरखून पाहावा. श ही पाहावा. कोठे वळण चुकलेले आढळले तर पान आणि ओळ कागदावर टिपून आमच्याकडे द्यावी. आम्ही तो कागद त्या मुलीकडे पोचवू.